सही करून सोडलेला हक्क आणि पाच हजारांचे व्याज: बाई ताहिरा प्रकरण

१९६२ साली मुंबईतल्या एका दाव्यात नवरा-बायकोची तडजोड झाली. पत्नीचा पतीवर, त्याच्या इस्टेटीवर किंवा मालमत्तेवर आता कसलाही हक्क वा दावा उरलेला नाही, असे त्यातले एक कलम होते. घटस्फोटाच्या कन्सेंट टर्म्स (दोघांनी संमतीने ठरवून न्यायालयात दिलेल्या अटी) ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना हे कलम ओळखीचे वाटेल. आजही ते शेवटच्या पानावर, 'स्वखुशीने आणि कोणत्याही दबावाशिवाय' या शब्दांच्या आसपास, जवळजवळ त्याच भाषेत सापडते. वकील ते मायन्यासारखे टाइप करून घेतात आणि पक्षकार पानापानावर सह्या करतात. पुढे दोन-चार वर्षांत पैसे संपले की ती बाई तोच कागद घेऊन कुणाकडे तरी जाते आणि विचारते, "सही केलीय म्हणजे आता काहीच होणार नाही का?"

या प्रश्नावर आपल्याकडे फार लवकर 'नाही' म्हटले जाते. त्या घाईच्या नकाराला सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर १९७८ रोजी दिलेले उत्तर म्हणजे बाई ताहिरा विरुद्ध अली हुसेन हे प्रकरण. न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी निकालपत्र लिहिले. पीठावर न्यायमूर्ती व्ही. डी. तुळजापूरकर आणि न्यायमूर्ती आर. एस. पाठक होते. निकालपत्र मोजक्या पानांचे आहे. पुढे मुस्लिम घटस्फोटित स्त्रीच्या पोटगीचेच शाहबानो प्रकरण इतके गाजले की हे त्याच्या सावलीत गेले. पण तडजोड झाल्यावर, हुकूमनामा निघाल्यावर, वर्षे उलटल्यावर काय करता येते हे समजून घ्यायचे असेल तर मी शाहबानोच्या आधी हेच वाचायला सांगेन.

घडले ते असे

बाई ताहिरा यांचे लग्न १९५६ साली झाले. त्या पतीच्या दुसऱ्या पत्नी होत्या. काही वर्षांनी मुलगा झाला. दोन संसारांच्या ओढाताणीत संबंध बिघडले आणि जुलै १९६२ च्या सुमारास पतीने तलाक दिला. पतीने त्यांना ज्या फ्लॅटमध्ये ठेवले होते त्याच्यावरून दावा चालू होता. तो तडजोडीने मिटला आणि त्याच हुकूमनाम्यात लग्नाचेही सगळे वाद मिटवून टाकण्यात आले. फ्लॅट बाईंच्या नावे झाला आणि ज्या सहकारी गृहनिर्माण संस्थेने तो बांधला होता तिचे शेअर्सही त्यांना मिळाले. मेहरचे (लग्नामुळे पतीने पत्नीला द्यायच्या रकमेचे) ५,००० रुपये आणि इद्दतचे (घटस्फोटानंतर पाळायच्या ठरावीक काळातल्या खर्चाचे) १८० रुपये या तडजोडीतच वळते झाल्याची नोंद झाली. आणि शेवटी ते कलम: यापुढे काही दावा नाही.

इथपर्यंत पाहिले तर तडजोड अन्यायाची वाटत नाही, आणि हे मुद्दाम सांगायला हवे. मुंबईत स्वतःच्या नावावर फ्लॅट होणे ही १९६२ सालीही मोठीच गोष्ट होती. त्या काळी कितीतरी तलाकशुदा स्त्रिया नेसत्या वस्त्रानिशी माहेरी परत जात होत्या. अन्याय होता तो त्या कागदात जे नव्हते त्यात. राहायला छप्पर मिळाले, पण महिन्याचा किराणा, मुलाची फी, औषधपाणी यांसाठी दरमहा एक रुपयाचीही सोय त्यात नव्हती.

पुढे काही काळ दोघांचे पुन्हा जमले आणि ते एकत्रही राहिले. मग परत फाटले. हाताशी पैसा नाही आणि पदरात मुलगा, अशा अवस्थेत बाईंनी दंडाधिकाऱ्यांकडे फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम १२५ खाली स्वतःसाठी आणि मुलासाठी पोटगीचा अर्ज केला.

त्यांनी काय केले नाही तेही पाहावे. १९६२ चा हुकूमनामा रद्द करून मागितला नाही. माझी फसवणूक झाली, सही जबरदस्तीने घेतली, असेही म्हटले नाही. तडजोडीला त्यांनी हातच लावला नाही. तडजोडीच्या बाहेर उभा असलेला एक वेगळा हक्क त्यांनी मागितला. या प्रकरणाचे सगळे मर्म मला इथे दिसते.

दोन कायद्यांमधली बारा वर्षे

१९६२ साली लागू होती ती १८९८ ची फौजदारी प्रक्रिया संहिता. तिच्या कलम ४८८ खाली पत्नीला पोटगी मागता येई, पण फक्त 'पत्नीला'. तलाक झाला की पत्नीपण संपले आणि त्याबरोबर तो अर्जही संपला. अर्ज दाखल होताच तलाक देऊन मोकळे होणारे पती होते, आणि कायदा त्यांना अडवू शकत नव्हता. हिंदू स्त्रीला घटस्फोटानंतरच्या पोटगीसाठी १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ चा आधार होता. मुस्लिम स्त्रीच्या वाट्याला मेहर आणि इद्दतच्या काळातला खर्च यापलीकडे फारसे काही नव्हते. म्हणजे १९६२ च्या तडजोडीत बाई ताहिरा यांनी आयुष्यभराच्या पोटगीचा हक्क 'सोडला' असे म्हणताच येत नाही. तो हक्क त्या दिवशी अस्तित्वातच नव्हता.

१ एप्रिल १९७४ पासून नवी संहिता लागू झाली. कलम १२५ च्या स्पष्टीकरणात 'पत्नी' या शब्दात घटस्फोटित स्त्रीचाही समावेश झाला, तिने पुन्हा लग्न केले नसेल आणि तिला स्वतःचा निर्वाह करता येत नसेल तर. संसदेत यावर आक्षेप आले आणि मग कलम १२७ (३) (ब) घालण्यात आले. रूढी किंवा वैयक्तिक कायद्याप्रमाणे घटस्फोटाच्या वेळी देय असलेली सगळी रक्कम स्त्रीला मिळाली असेल, तर दंडाधिकाऱ्याने पोटगीचा हुकूम रद्द करावा, असे ते कलम सांगत होते. एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायची वाट ठेवली. बाई ताहिरांच्या पतीने नेमकी तीच वाट धरली.

खालची तीन न्यायालये

दंडाधिकाऱ्यांपुढे बाईंचे म्हणणे होते, मी अजून पत्नीच आहे. पती म्हणत होता, तू घटस्फोटित आहेस, म्हणून तुला पोटगी नाही. दंडाधिकाऱ्यांनी त्यांना पत्नी मानले आणि मुलाला दरमहा ३००, आईला दरमहा ४०० रुपये मंजूर केले. ठरवताना दोन गोष्टी तोलल्या: मुंबईची महागाई, आणि पतीने राहायची सोय करून दिली आहे ही वस्तुस्थिती. फ्लॅटचा हिशेब धरूनच हा आकडा निघाला होता, हे लक्षात ठेवावे. तेव्हा कायद्यात ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. ती प्रत्येक अर्जदारासाठी वेगळी धरायची की सगळ्यांची मिळून, हा वाद होता. १९७८ सालीच सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात ती प्रत्येकासाठी वेगळी असल्याचे सांगितले.

पती सत्र न्यायालयात गेला. सत्र न्यायाधीशांनी भलताच पवित्रा घेतला: अर्जदार पत्नी आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकारच कलम १२५ खालच्या न्यायालयाला नाही. सरळ अर्थ असा की नवऱ्याने लग्नच नाकारले की दंडाधिकाऱ्याने हात झटकून मोकळे व्हायचे. अर्ज फेटाळला गेला. उच्च न्यायालयात पुनरीक्षण अर्ज केला, तोही कारणमीमांसेत न शिरता निकाली निघाला. ज्या बाईकडे महिन्याचा खर्च भागवायला पैसे नाहीत तिला दिल्लीपर्यंत जावे लागले, हा मला या प्रकरणातला सर्वात जिव्हारी लागणारा भाग वाटतो. निकाल बाजूने लागला म्हणून मधली वर्षे परत मिळत नाहीत.

सर्वोच्च न्यायालयात

बाई पत्नी की घटस्फोटित, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने एका फटक्यात बाजूला केला. घटस्फोटित मानले तरी नव्या कायद्याप्रमाणे हक्क आहेच, मग त्यावर कशाला थांबायचे? १९६२ चा हुकूमनामा पाहता तलाक झाल्याचे धरून चालू, असे म्हणून न्यायालय पुढे गेले.

पतीचा एक बचाव असा होता की, दोघे इतकी वर्षे वेगळे राहत आहेत म्हणजे ते परस्परसंमतीने वेगळे राहत आहेत, आणि परस्परसंमतीने वेगळ्या राहणाऱ्या पत्नीला कलम १२५ (४) प्रमाणे पोटगी मिळत नाही. न्यायालयाने हा मुद्दा झिडकारला. घटस्फोटानंतर वेगळे राहणे हा घटस्फोटाचाच परिणाम आहे. त्याला परस्परसंमती म्हटले तर एकाही घटस्फोटित स्त्रीला पोटगी मिळणार नाही आणि कायद्यात घातलेले स्पष्टीकरण कागदावरच राहील. हाच मुद्दा पुढे १९९५ साली परस्परसंमतीने घटस्फोट घेतलेल्या हिंदू स्त्रीबाबत पुन्हा उठला, आणि तेव्हाही सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितले: हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली घटस्फोट घेतला म्हणून पोटगीचा हक्क आपोआप जात नाही.

मग आले तडजोडीचे कलम. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे: १९६२ च्या हुकूमनाम्याने त्या वेळी जे वाद आणि जे दावे उपलब्ध होते ते मिटवले. पोटगीचा हा हक्क १९७३ च्या संहितेने सार्वजनिक धोरण म्हणून नव्याने निर्माण केला. तडजोड करताना तो कुणाच्या मनात असणेच शक्य नव्हते. म्हणून ज्या तडजोडीत या वैधानिक हक्काचा विचारच झालेला नाही ती तडजोड त्या हक्काला संपवू शकत नाही.

इथे वाचकाने जरा थबकावे. या युक्तिवादाचा पहिला अर्धा भाग फार मर्यादित आहे. हक्क नंतर जन्मला म्हणून तडजोडीत नव्हता, हे १९६२ च्या कागदाला लागू पडते. आज कन्सेंट टर्म्सवर सही करणाऱ्या स्त्रीला ते म्हणता येणार नाही, कारण हक्क आज आहे आणि दोन्ही वकिलांना ठाऊक आहे. पती नेमके हेच म्हणेल. त्यामुळे बाई ताहिरा प्रकरणाचे नाव घेऊन उभे राहणाऱ्या वकिलाने फक्त या परिच्छेदावर भिस्त ठेवू नये. खरी ताकद पुढच्या मुद्द्यात आहे.

पाच हजारांचे होते काय

कलम १२७ (३) (ब) चा आधार घेऊन पती म्हणत होता: मेहर दिली, इद्दतचे पैसे दिले, वैयक्तिक कायद्याप्रमाणे जे देणे होते ते सगळे दिले, आता पोटगी रद्द करा. कलमाचे शब्द पाहिले तर त्याचे म्हणणे चूक वाटत नाही.

न्यायालयाने शब्दांवर न थांबता रकमेकडे पाहिले. ५,००० रुपयांच्या व्याजावर ही स्त्री एक दिवस तरी तग धरू शकेल का, आणि तेही मुंबईत, जिथे चाळीस टक्के लोक फुटपाथवर राहतात असे सांगितले जाते, असा सवाल निकालपत्रात आहे. कृष्ण अय्यर यांनी तो ज्या जळजळीत भाषेत विचारला तशी भाषा निकालपत्रांत क्वचितच आढळते.

हा हिशेब आपणही मांडून पाहू. ५,००० रुपये सहा टक्क्यांनी ठेवले तर वर्षाचे व्याज ३०० रुपये, महिन्याचे २५. दंडाधिकाऱ्यांनी फ्लॅटची सोय लक्षात घेऊनही बाईंना महिन्याला ४०० रुपये लागतात असे ठरवले होते. मुद्दलच खाल्ले, तर दरमहा ४०० प्रमाणे ५,००० रुपये साडेबारा महिन्यांत संपतात. उलट बाजूने पाहिले तर त्याच व्याजदराने महिन्याला ४०० रुपये येत राहायला ८०,००० रुपयांची ठेव हवी. ५,००० आणि ८०,००० यांच्यातले हे अंतर एकदा समोर ठेवले की 'सगळे दिले' या दाव्यात किती दम आहे ते वेगळे सांगावे लागत नाही.

न्यायालयाने याच विचाराला नियमाचे रूप दिले. एकरकमी दिलेली रक्कम आणि ती स्त्रीला मरेपर्यंत किंवा पुनर्विवाहापर्यंत लागणारी पोटगी यांचा काहीतरी सयुक्तिक संबंध असला पाहिजे. दरमहाच्या पोटगीची आजची एकत्रित किंमत जितकी होईल, साधारण तेवढी रक्कम दिली असेल तर पतीची जबाबदारी संपली. नाममात्र रक्कम दिली असेल तर ती पोटगी ठरवताना वजा धरता येईल, पण तिच्या जोरावर पोटगी शून्यावर आणता येणार नाही. अपील मंजूर झाले आणि दंडाधिकाऱ्यांचा हुकूम पुन्हा कायम झाला.

हा नियम मुस्लिम स्त्रीच्या प्रकरणात सांगितला गेला म्हणून तो तेवढ्यापुरता ठेवण्याची चूक अनेकदा होते. 'एकरकमी घे आणि सही कर' ही पद्धत सगळ्या धर्मांच्या घरांत सारखीच आहे. दहा लाख, वीस लाख असा गोल आकडा समुपदेशकाच्या टेबलावर ठरतो. त्यातून वकिलाची फी, भावाकडून घेतलेले उसने, नव्या भाड्याच्या घराचे डिपॉझिट गेले की महिन्याला किती उरेल, हे कुणी कागदावर मांडत नाही. हा हिशेब सहीच्या आधी अर्ध्या तासात होतो. सहीनंतर त्यासाठी न्यायालयात वर्षे जातात.

काय उलटले नाही

फ्लॅट फ्लॅटच राहिला. शेअर्स शेअर्सच राहिले. पतीने ते परत मागितले नाहीत आणि बाईंनी मालमत्तेत आणखी वाटा मागितला नाही. १९६२ चा हुकूमनामा १९७८ नंतरही तसाच उभा होता. फक्त पोटगीच्या अर्जाला आड येणारी भिंत म्हणून तो वापरता आला नाही.

घटस्फोटानंतरची तडजोड 'चॅलेंज' करायची म्हणून येणारी बहुतेक माणसे हा फरक करत नाहीत. त्यांना सगळा कागद फाडायचा असतो. पण न्यायालये मालमत्तेची वाटणी पुन्हा उघडायला सहसा तयार नसतात, आणि त्यामागे कारण आहे: दोन्ही बाजूंनी त्या कागदावर विसंबून घरे घेतली, विकली, पुन्हा लग्ने केली. पोटगीचे तसे नाही. ती माणसाच्या जगण्याशी बांधलेली आहे आणि जगणे बदलते, म्हणून कायदा तिथे दार किलकिले ठेवतो. आपला प्रश्न यातल्या कुठल्या खोलीतला आहे हे आधी ठरवावे. अर्ज त्यानंतर लिहावा.

निकालानंतर

दोनच वर्षांत, १९८० साली, फझलुनबी प्रकरणात हाच प्रश्न परत आला. मेहर अवघी ५०० रुपयांची होती आणि आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने त्यावर पोटगी नाकारली होती. सर्वोच्च न्यायालयाने बाई ताहिरा प्रकरणाचा नियम पुन्हा ठामपणे सांगितला.

२३ एप्रिल १९८५ चा शाहबानो निकाल सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाचा. इंदूरच्या त्या वृद्ध स्त्रीला दंडाधिकाऱ्यांनी महिन्याला २५ रुपये मंजूर केले होते, उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैसे केले. या पीठाने बाई ताहिरा प्रकरणाचा निष्कर्ष बरोबर मानला, पण एक दुरुस्ती केली: मेहर ही घटस्फोटामुळे द्यायची रक्कमच नव्हे, ती लग्नामुळे द्यायची असते, म्हणून ती कलम १२७ (३) (ब) मध्ये बसतच नाही. पाया अधिक भक्कम झाला.

मग १९८६ चा मुस्लिम महिला (घटस्फोटानंतरच्या हक्कांचे संरक्षण) कायदा आला आणि सगळे संपले असे वाटले. तसे झाले नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००० साली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २८ सप्टेंबर २००१ रोजी डॅनियल लतिफी प्रकरणात सांगितले की, 'वाजवी आणि न्याय्य तरतूद' इद्दतच्या मुदतीत करायची, पण ती स्त्रीच्या पुढच्या आयुष्यालाही पुरेल अशी हवी. १९७८ चा 'पुरेशी रक्कम' हा निकष यात स्पष्ट ओळखू येतो. १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केले की, मुस्लिम घटस्फोटित स्त्रीला कलम १२५ चा मार्ग मोकळा आहे. हे कलम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ या क्रमांकाने आले आहे.

आजच्या कौटुंबिक न्यायालयात हेच प्रकरण

समजा, आज पुण्यात किंवा नागपुरात एखाद्या स्त्रीने परस्परसंमतीने घटस्फोट घेतला आहे, एकरकमी पैसे घेऊन पुढचा हक्क सोडल्याची सही केली आहे आणि तीन वर्षांनी ती विचारते आहे. तिच्यापुढे काय आहे?

अपील जवळजवळ बंद. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ चे कलम १९ (२) सांगते की, संमतीने झालेल्या हुकूमनाम्याविरुद्ध अपील नाही. तडजोडच बेकायदा होती म्हणून नवा दावा लावू म्हटले तर दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २३, नियम ३अ आड येतो. उरतो तो त्याच न्यायालयापुढे अर्ज, ज्याने हुकूमनामा दिला. संमती फसवणुकीने किंवा दबावाने घेतली होती हे तिथे दाखवावे लागते, आणि नुसते म्हणून भागत नाही.

फसवणूक बहुतेक वेळा दडवलेल्या मालमत्तेची असते. २०२० साली रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचे शपथपत्र देणे बंधनकारक केले. हे प्रकरण नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेले होते. असे शपथपत्र मूळ प्रकरणात दाखल असेल तर ते हातातले सर्वात मोठे हत्यार आहे. शपथपत्रात ज्या फ्लॅटचा उल्लेख नाही त्याचा इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) काढावा आणि नोंदणीची तारीख शपथपत्राच्या आधीची आहे का ते पाहावे. गावाकडची जमीन असेल तर सातबारा आणि फेरफार. दोन तारखा शेजारी ठेवल्या की बोलायला फारसे काही उरत नाही. फसवणूक उघडकीस आल्यापासून तीन वर्षांच्या आत हालचाल करावी. जितका उशीर, तितका अर्ज कमजोर.

शपथपत्रच घेतले गेले नसेल, 'आपसात मिटतेय तर कशाला' म्हणून सोडून दिले असेल, तर मात्र हा रस्ता अवघड आहे. संमतीच्या प्रकरणांत असे सर्रास होते, आणि ते थांबायला हवे असे मला मनापासून वाटते.

फसवणूक नाही, पण परिस्थिती पालटली, तर हिंदू विवाह कायद्याचे कलम २५ (२) आहे. त्याखाली न्यायालय कायम पोटगीचा हुकूम बदलू शकते. दरमहाच्या पोटगीला हे सहज लागू पडते. एकरकमी रक्कम घेऊन विषय संपवलेला असेल तर न्यायालये बरीच हात आखडून वागतात. आजार, अपंगत्व, नोकरी जाणे अशी ठोस गोष्ट लागते. भाव वाढले, फ्लॅटची किंमत दुप्पट झाली, सौदा स्वस्तात गेला, एवढ्यावर कागद हलत नाही.

आणि मग बाई ताहिरांचा रस्ता: तडजोडीला हात न लावता वैधानिक पोटगी मागायची. इथे १९७८ च्या निकालाला पुढच्या दोन निकालांनी बळ दिले आहे. २०१३ साली गुलबर्ग्याहून आलेल्या एका प्रकरणात पत्नीने ८,००० रुपये घेऊन पुढच्या पोटगीवर पाणी सोडल्याची तडजोड होती. त्यांचा घटस्फोट झालेला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, पोटगीचा वैधानिक हक्क सोडून देणारा करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे आणि त्यामुळे हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखालचा दावा अडत नाही. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयानेही पत्नीने लेखी करारात पोटगी सोडली असताना ते कलम निरर्थक ठरवून पोटगी कायम ठेवली. मुलांच्या बाबतीत तर कायदा आणखी ठाम आहे. मुलाची पोटगी हा मुलाचा हक्क आहे, आईने सही करून तो सोडला तरी तो सुटत नाही.

अर्थात दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: स्वतःचा निर्वाह होत नाही, आणि पुन्हा लग्न केलेले नाही. घेतलेल्या एकरकमी पैशांचा हिशेबही न्यायालय मागणारच. म्हणून बँक पासबुकाच्या नोंदी, घरभाड्याचा करार, फीच्या पावत्या, दवाखान्याची बिले असा त्या पैशांचा प्रवास तारखांसह जुळवून ठेवावा. मोठी रक्कम मिळाली आणि ती कुठे गेली ते सांगता येत नाही, तर १९७८ चा 'पुरेशी रक्कम' हा निकष उलटा फिरतो. रक्कम खरोखरच जगण्याला पुरेशी असेल तर पतीही हाच निकाल वाचून दाखवेल, आणि तो बरोबर असेल.

सुरुवात हुकूमनाम्याच्या आणि कन्सेंट टर्म्सच्या प्रमाणित प्रतीपासून करावी. आठवणीवर किंवा मोबाइलमधल्या फोटोवर विसंबून कुठलाही वकील ठाम सल्ला देऊ शकत नाही. पोटगीचा अर्ज ती स्त्री जिथे राहते तिथल्या न्यायालयात करता येतो, घटस्फोट जिथे झाला त्या गावी जाण्याची गरज नसते. आणि वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबण्याचे कारण नाही: विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, अर्ज तिथेच द्यायचा.